हलकं हत्यार हाताला जड

वाचकाचं पत्र, थोडक्यात असं :

"मी मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापारी, वय ४६. राहायला सिंहगड रोडला. वसुलीची रोकड घेऊन रात्री साडेआठच्या सुमारास स्कूटरवरून घरी येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळीतल्या एकाला वाटेत अडवून लुटलं, तेव्हापासून धास्ती आहे. आयुक्तालयातून परवाना मंजूर झाला, ट्रेनिंगचा दाखलाही मिळाला. आता रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. रोज जवळ बाळगता येईल, शर्टाखाली किंवा खिशात दिसणार नाही, असं सगळ्यात लहान आणि हलकं कोणतं? अमेरिकेतले व्हिडिओ पाहतो, तिकडे पाच गोळ्यांची, बोटभर नळीची असतात, तसं इथे काय मिळेल? मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत, सकाळी दोघांना शाळेत सोडून मी गाळ्यावर जातो. बायकोचा ठाम नकार आहे. मागच्या महिन्यात नवले पुलाजवळ गाडी घासल्यावरून एकाने माझी कॉलर धरली. तेव्हा वाटलं, कमरेला काही असतं तर हा गप्प झाला असता."

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलकं घेऊ नका. पोलादी, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास, इंचात) घ्या आणि ते लपवण्याची अडचण कपड्यांनी आणि होल्स्टरने, म्हणजे हत्याराच्या म्यानाने, सोडवा. शेवटच्या दोन वाक्यांबद्दल मात्र मला तुमच्याशी जास्त बोलायचंय, तिथे येतोच.

मी नोकरीभर हत्यारं दुरुस्त केली आणि निवृत्तीनंतर नेमबाजीच्या रेंजवर नवख्यांना शिकवतो. परवाना नवा असलेला माणूस दुकानात शिरला की त्याची बोटं आपोआप सगळ्यात छोट्या हत्याराकडे वळतात. मुठीत खेळण्यासारखं बसतं, खिशात सहज जातं. तोच माणूस रेंजवर दहा गोळ्या झाडतो आणि अकराव्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. हत्यार जितकं हलकं तितका त्याचा झटका तुमच्या मनगटात येतो, कारण तो पिऊन घ्यायला लोखंडच नसतं. नळी जितकी आखूड तितकं नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतलं अंतर कमी, म्हणजे मनगट केसभर हललं तरी गोळी हातभर बाजूला. आणि मूठ इतकी लहान की करंगळीला धरायला जागाच उरत नाही. छोटं रिव्हॉल्व्हर हे कसलेल्या हाताचं हत्यार आहे. दुकानदार ते नवशिक्याला सोयीचं म्हणून दाखवतो, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

अमेरिकन व्हिडिओंबद्दल. तिथलं ते पाच गोळ्यांचं, दोन इंचाला जेमतेम पोचणाऱ्या नळीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुधा स्मिथ अँड वेसनच्या लहान साच्याचं, ज्याची सुरुवात १९५० च्या 'चीफ्स स्पेशल'पासून झाली. ते .३८ स्पेशल काडतूस खातं. आपल्याकडे .३८, .४५५ आणि ९ एमएम ही बोअरं सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाहीत, ती निषिद्ध बोअरं आहेत. तुमच्या परवान्यावर 'एनपीबी' असं लिहिलेलं असेल, म्हणजे निषिद्ध नसलेलं बोअर. कमरेच्या हत्यारात त्याचा व्यवहारातला अर्थ .३२ किंवा .२२. परदेशी माल बाहेरून मागवायचा मार्ग तुमच्या-माझ्यासारख्याला बंद आहे. जुनी विलायती हत्यारं हातोहात फिरतात, त्यांची किंमत ऐकून घाम फुटतो आणि सुटे भाग मिळत नाहीत. त्या वाटेला जाऊ नका. त्या व्हिडिओंतून हत्यार ठेवायची-काढायची पद्धत शिकू नका हे तर वेगळंच, कारण तिथला माणूस गाडीत बसलेला असतो आणि तुम्ही स्कूटरवर.

मग इथे काय आहे? २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' आणलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, सहा गोळ्या, .३२. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली आणि तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'निडर' त्याहून हलकं, २५० ग्रॅम, .२२ चं, आठ गोळ्या. आणि २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबळ' आलं : ७६ मिलिमीटर नळी, टोकापासून टोकापर्यंत १७७.६ मिलिमीटर, रिकामं असताना सातशे ग्रॅमच्या आसपास. त्याशिवाय कानपूरचं जुनं पोलादी .३२, जे वर्षानुवर्षं लोकांच्या कमरेला आहे.

यातला खरा फरक वजनापेक्षा उघडण्यात आहे. जुनं .३२ आणि निर्भीक ही नळी खाली मोडून उघडणारी, म्हणजे 'ब्रेक टॉप', जुन्या विलायती वेब्ली घराण्यातली. खटका दाबला की नळी वाकते, मागून चांदणीच्या आकाराची चकती, जिला आम्ही चांदणीच म्हणतो, वर येते आणि सगळी काडतुसं एकदम बाहेर ढकलते. प्रबळमध्ये गोळ्या भरायचं फिरतं सिलिंडर बाजूला सरकतं, 'साइड स्विंग'. बिजागरीचा सांधा नसल्याने चौकट एकसंध राहते आणि वर्षानुवर्षांच्या फायरनंतर ढिली पडण्याची भीती कमी. माझं मत विचाराल तर प्रबळ. ते हाती बसलं नाही तर जुनं पोलादी .३२, सांधा घट्ट आहे ना, हे दिव्यापुढे धरून, हलवून पाहून. निर्भीक वाईट नाही. ज्याने पोलादी हत्याराने पाचशे गोळ्या झाडल्यात त्याच्यासाठी ते चांगलं आहे. तुम्ही तिथे अजून पोचलेला नाहीत.

निडरबद्दल मुद्दाम वेगळं सांगतो, कारण अडीचशे ग्रॅम ऐकून तुम्ही त्याच्याकडे वळाल. .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे त्याचा दारूचा ठिणगी-मसाला काठात भरलेला असतो. असं काडतूस मध्यावर टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त वेळा फुसकं निघतं. शिवाय रिकाम्या हत्याराचा चाप ओढून घरी सराव करायचा म्हटलं तर रिमफायरचा पिन सिलिंडरच्या काठावर आपटून खराब होतो. सरावाशिवाय हे हत्यार काही कामाचं नाही, आणि त्याचा घरचा सराव नेमका अवघड.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. दुकानात सगळे 'बत्तीस' म्हणतात, पण बत्तीस दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं, मागे कडा असलेलं. पिस्तुलाचं .३२ एसीपी, ते वेगळं. डबीवर काय छापलंय ते स्वतः वाचा. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं असतील तर बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसतील. खडकीचा हा कारखाना १८६९ पासूनचा. पुण्यात राहून त्याच्या भिंतीबाहेरून आयुष्यभर जाणाऱ्याला कधी वाटत नाही की आपल्याच गावचं काडतूस एक दिवस आपल्या कमरेला असेल.

काउंटरवर उभे राहाल तेव्हा काय बघायचं? हत्यार रिकामं आहे हे स्वतः उघडून बघा, दुकानदाराने सांगितलं म्हणून नाही. मग घोडा न चढवता, नुसता चाप ओढून सिलिंडर फिरवायला परवानगी मागा. रिव्हॉल्व्हरला बहुतेक वेळा वेगळा सेफ्टीचा खटका नसतो, तो लांब, जड चाप हीच त्याची सेफ्टी. म्हणून तो जड आहे अशी तक्रार करू नका आणि कुणा कारागिराकडून हलका करून घेऊ नका. फक्त बघा की तर्जनीच्या पहिल्या पेराने तो शेवटपर्यंत ओढताना नळीचं टोक जागचं हलत नाही. हललं, तर मूठ तुमच्या हाताची नाही. मग विचारा, घोड्यावर आपट बसली तर गोळी सुटू नये यासाठी आत काय अडसर आहे. समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर, म्हणजे गोळीचा खण, रिकामं ठेवून पाचच भरायच्या. स्कूटरवरून पडणं पुण्यात रोजचंच आहे, आणि कमरेवर पडणारा माणूस घोड्यावरच पडतो.

आता लपवण्याचं. लोकांना वाटतं नळी दिसते. नळी पँटच्या आत जाते, ती कधीच दिसत नाही. बाहेर राहते मूठ आणि फुगतं ते सिलिंडर. म्हणून इंचभर आखूड नळीने लपवणं फारसं सोपं होत नाही, उलट पट्ट्यात नीट बसायला थोडी लांबी लागतेच. बाहेर सोडलेला, किंचित सैल, गडद किंवा चौकड्याचा शर्ट आणि रुंद, जाड चामड्याचा पट्टा, एवढ्याने सातशे ग्रॅम झाकलं जातं. तुम्ही व्यापारी मंडळी पांढरा पातळ शर्ट घालता, तो मात्र सोडावा लागेल. झाकणं ही हौस नाही, नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी कमरेचं हत्यार अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. शर्ट वर करून मित्राला दाखवणं हाही गुन्हाच.

होल्स्टर उजव्या कमरेवर, किंचित पुढे. मणक्यावर कधीच नको, पडलात तर पाठ जाईल. चाप पूर्ण झाकणारं, कडक, पुन्हा आत सरकवताना तोंड न मिटणारं. खिशात ठेवायचंच म्हणाल तर त्या खिशात दुसरं काहीही नको, ना गाळ्याच्या किल्ल्या, ना तंबाखूची डबी, आणि तिथेही चाप झाकणारं खिशाचं होल्स्टर हवंच. पण स्कूटरवर बसल्यावर मांडीच्या खिशातलं हत्यार बाहेर निघत नाही, हे घरी खुर्चीवर बसून एकदा करून बघा. डिकीत ठेवून चहाला जायचं नाही. आणि रोकड ज्या बॅगेत, तिच्यात हत्यार कदापि नाही. चोर बॅगच ओढतो. पैसे गेले तर तुमचं नुकसान, हत्यार गेलं तर ते पुढे कुणाच्या तरी छातीवर रोखलं जाणार आणि नंबर तुमच्या परवान्यावरचा असणार.

पुण्याचा पावसाळा चार महिन्यांचा. रेनकोटच्या आत घाम आणि बाहेर पाणी, दोन्ही मिळून पोलादाला आठवड्यात गंज चढवतात. रात्री घरी आलात की पुसून, हलका तेलाचा हात फिरवून ठेवा, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून झोपू नका, चामडं ओल धरून ठेवतं. काडतुसांना तेल लावू नका. दरवर्षी पावसाळा सरला की कमरेची सहा रेंजवर झाडून टाका आणि नवी घाला.

रिकामं करण्याबद्दल माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक ब्रेक टॉप साफ करायला घेतलं, मोडलं, काडतुसं टेबलावर पडली, मी बंद केलं आणि चाप तपासायला ओढला. गोळी भिंतीत गेली. एक काडतूस चांदणीवरून निसटून तिच्याखाली अडकून राहिलं होतं आणि बंद करताना परत घरात बसलं. टेबलावर पाच होती, मी मोजली नव्हती. पलीकडच्या खोलीत माझा सहकारी डबा खात बसला होता. त्या दिवसापासून मी सहा घातली तर सहा मोजून काढतो, मग प्रत्येक घरात बोट घालून बघतो. तुम्हीही तसंच करा, घरी वाळूने भरलेली बादली एका कोपऱ्यात ठेवा आणि भरणं-रिकामं करणं नळी तिच्याकडे ठेवूनच करा.

शाळेचं तुम्ही सहज लिहून गेलात, पण तिथे तुमचा परवाना जाऊ शकतो. परवान्याच्या अटी वाचा : शैक्षणिक संस्थेच्या आवारात, जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात हत्यार नेता येत नाही. म्हणजे मुलांना सोडायला जाताना कमर रिकामी. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला रिकामी. पालखी येते तेव्हा रिकामी. लग्नात रिकामी, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर हर्षाने हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. लोहगावला विमान पकडायला जाताना बॅगेच्या कप्प्यात एखादं काडतूस राहिलं तरी रात्र चौकीत जाते. निवडणुका लागल्या की हत्यार जमा करायचा आदेश येऊ शकतो. हिशोब केलात तर 'रोज जवळ' हे तुमच्या बाबतीत संध्याकाळी गाळा ते घर एवढंच उरतं. मग सकाळी हत्यार कुठे? गाळ्यावर तिजोरी असेल आणि परवान्यात तशी जागा मान्य असेल तर ठीक, नाहीतर मुलांना सोडून घरी परत या. कटकट आहे, पण हीच त्याची किंमत.

आता नवले पूल.

कॉलर धरणाऱ्यावर हत्यार काढायचा तुम्हाला काहीही अधिकार नव्हता. भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची आहेत. जिवाची किंवा गंभीर इजेची खरी भीती असेल, जबरी चोरी होत असेल, तर कायदा तुमच्या बाजूने बराच पुढे येतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कुठेच नाही आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर अधिकारच नाही. लुटारू पाठ फिरवून पळाला, भीती संपली, की त्याच्या पाठीवर झाडलेली गोळी तुमच्यावर खुनाचा खटला आणू शकते. आणि 'गप्प करायला' नुसतं दाखवलं तर तो धाकदपटशाचा गुन्हा, परवानाही रद्द.

पण कायद्यापेक्षा मला तुमच्या त्या वाक्यातली इच्छा टोचली. तुम्हाला त्या क्षणी जिवाची भीती नव्हती, अपमान झाला होता. अपमानाच्या क्षणी ज्याला हत्यार आठवतं, त्याने ते अजून कमरेला लावू नये. मी हे रागावून लिहीत नाही. मलाही रस्त्यावर राग येतो, पुण्यात गाडी चालवणाऱ्या कुणाला येत नाही? ज्या दिवशी कमरेला हत्यार आहे त्या दिवशी भांडणात पहिली माघार तुमची, शिवी खाऊन, हात जोडून, गाडीचा चेपलेला पत्रा तसाच ठेवून. हे जमेल असं आज वाटत नसेल तर हत्यार घ्या, नोंदवा, पण सहा महिने फक्त रेंज आणि तिजोरी. दारू घेत असाल तर त्या संध्याकाळी तिजोरीच.

आणि रोकडीचं काय? दोघे मोटारसायकलवरून येतात, एक गाडी आडवी घालतो, दुसरा तुमच्या मागे असतो. तुमचे दोन्ही हात हँडलवर, डोक्यावर हेल्मेट, वर रेनकोट. कितीही सराव असला तरी तिथे रिव्हॉल्व्हर वेळेत बाहेर येत नाही. तिथे बॅग द्यायची. हत्यार कामी येतं ते बॅग दिल्यावरही कोयता उगारला तर, एवढ्याच जागी. म्हणून आधी ती बॅग हलकी करा. वसुली होईल तितकी खात्यावर घ्या, उरलेली दुपारी बँक उघडी असताना भरा, ओळीतले चारपाच जण मिळून रोकड उचलणारी सेवा लावा, निघायची वेळ आणि वाट रोज एकच ठेवू नका, हमालांसमोर नोटा मोजू नका. एवढं केलंत तर त्या रस्त्यावर तुम्हाला अडवण्यात कुणाला रस उरणार नाही.

वहिनींचा नकार तुम्ही अडचण म्हणून लिहिलाय. मला तो या पत्रातला सगळ्यात शहाणा भाग वाटला. त्यांना काय नको आहे ते विचारलंत का? बहुतेक घरांत बायकांना भीती लुटारूची नसते, कपाटाची असते. साडीच्या घडीखाली ठेवलेलं हत्यार तिसरीतल्या मुलाला एका दुपारी सापडतं. भिंतीत बोल्ट केलेली छोटी लोखंडी तिजोरी हत्यारासाठी, काडतुसांना वेगळं कुलूप, हे हत्याराच्या आधी घरात आलं पाहिजे. किल्ली कुठे असते हे मुलांना कळलं की जागा बदला. मुलीला आणि मुलाला समोर बसवून सांगा की असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, खोलीबाहेर जायचं, मोठ्यांना हाक मारायची. लपवून ठेवलेल्या वस्तूची ओढ जास्त असते.

तिजोरी बसली की वहिनींना घेऊन एकदा बालेवाडीला क्रीडानगरीतली शूटिंग रेंज बघून या. चालवायला नको, नुसता आवाज ऐकू दे, नियम किती कडक असतात ते बघू दे. त्यानंतरही त्या नाही म्हणाल्या तर मला पुन्हा लिहा, आणि पत्र त्यांना लिहू द्या.

हो म्हणाल्या तर दुकानात दोघं जा. प्रबळ आणि जुनं पोलादी .३२, दोन्ही हातात घेऊन दहा-दहा वेळा रिकामा चाप ओढा, तिसरं काही बघू नका. हत्याराचा नंबर परवान्यावर चढवून घ्या. मग परवान्यावर जेवढी काडतुसं मिळतात त्यातली पहिली पन्नास रेंजवर, सात मीटरवर, एका वेळी दोन-दोन, घाई न करता. पन्नासांपैकी ताटाएवढ्या गोलात किती बसली, तो आकडा मला कळवा.